शाळेच्या संगणकावरची पत्तावही : पालकांचा नंबर वेळेवर का सापडत नाही?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. भाटघरच्या पाणलोटात जुलैचा पाऊस म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायला नको. छपरावर नुसता धबाधबा आवाज, वर्गात अंधार. मधल्या सुट्टीनंतर दुसरीतली एक मुलगी बाकावर डोकं टेकवून बसली. हात लावून पाहिलं तर अंग चांगलंच तापलेलं. घरी कळवायचं म्हणून मी ऑफिसात गेले आणि संगणकावरची पत्तावही उघडली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघी शिक्षिकांनी बसून भरलेली, अभिमानाची पत्तावही!

तिच्या आडनावावर क्लिक केलं तर एकोणीस नोंदी आल्या. त्यात तिच्याच नावाच्या दोन. पहिला नंबर लावला. पलीकडून उत्तर आलं, "बाई, आमची पोरगी तर आज घरीच हाय." दुसरा लावला, तो बंद. वडिलांचा म्हणून तिसरा एक होता, पण वडील पुण्याला कंपनीत, पहिल्या पाळीला. आत मोबाईल न्यायला परवानगी नाही. एवढ्यात पाणी प्यायला आलेला चौथीतला एक मुलगा दारातून म्हणाला, "बाई, तिची आजी आमच्या शेजारी राहती. आज भात लावायला गेलीय. चुलतीचा नंबर मला पाठ हाय." त्याने दहा आकडे धडाधड म्हणून दाखवले. वीस मिनिटांत चुलती छत्री घेऊन दारात.

मुलगी दोन दिवसांत बरी झाली. पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. तीन दिवस खपून भरलेली पत्तावही एका दहा वर्षांच्या पोरापुढे हरली. आधी वाटलं, आपल्यालाच कॉम्प्युटर नीट येत नाही. ही सवयच असते आपली. दार उघडलं नाही तर आपण स्वतःला हसतो, दार बनवणाऱ्याला कुणी हसत नाही. डोनाल्ड नॉर्मन या अभ्यासकाने १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं हेच होतं, की माणसं वारंवार एकाच ठिकाणी चुकत असतील तर चूक माणसात शोधू नका, वस्तूच्या रचनेत शोधा. याला वापरसुलभता म्हणतात. एखादी गोष्ट वापरणाऱ्याच्या कामाला, सवयीला, भाषेला किती जुळते, ते पाहायचं. तर त्या दिवसानंतर मी आमच्या पत्तावहीकडे या नजरेने पाहायला लागले.

आपल्या घरी पूर्वी टेलिफोन डायरी असायची ना, कडेला पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेली, प्रत्येक पायरीवर एक अक्षर? संगणकावरची पत्तावही ही तिचीच नक्कल. विंडोज एक्सपीच्या काळात आउटलुक एक्सप्रेससोबत एक पत्तावही यायची. व्हिस्टामध्ये तिची जागा दुसऱ्या कार्यक्रमाने घेतली. थंडरबर्डसारख्या ईमेलच्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही एक असते. या सगळ्यांना एकमेकांत माहिती नेता यावी म्हणून व्ही-कार्ड नावाचा एक सामाईक साचा आहे. त्याची २.१ ही आवृत्ती १९९६ सालची, ३.० ही १९९८ सालची आणि ४.० ही २०११ सालची. मोबाईलमधून कुणी कुणाचा 'काँटॅक्ट' पाठवतो तेव्हा बहुतेक वेळा हाच साचा जातो. म्हणजे साचा जुना आणि जगभर चालणारा आहे. पण तो ज्यांनी घडवला, त्यांच्या डोळ्यांसमोर ऑफिसातला माणूस होता. वेळवंडीच्या खोऱ्यातली वाडी नव्हती.

सुरुवात नावापासूनच बिघडते. व्ही-कार्डमध्ये नावाचे पाच भाग असतात : कुळाचं नाव, दिलेलं नाव, मधली जादा नावं, पुढची उपाधी आणि मागची उपाधी. पडद्यावर मात्र आपल्याला दिसतं 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम'. आता आपलं दाखल-खारीज रजिस्टर आठवा. त्यात आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. समजा एक काल्पनिक नाव घेऊ, 'कंक सुनीता मारुती'. माझ्या सहकारी बाईंनी 'फर्स्ट नेम' म्हणजे पहिलं नाव असा सरळ अर्थ घेतला आणि रजिस्टरात पहिलं येतं ते आडनाव तिथे भरलं. मी मात्र 'फर्स्ट नेम'मध्ये सुनीता भरत होते. त्यामुळे अर्धी पत्तावही उलटी, अर्धी सुलटी. सॉफ्टवेअरने एका शब्दाने विचारलं नाही. विचारणार तरी कसं, त्याच्या लेखी कंक हेही नाव आणि सुनीता हेही नावच.

आणि वडिलांचं नाव कुठे? कुणी 'मिडल'मध्ये, कुणी सुनीताच्या शेजारी, कुणी टोपणनावाच्या रकान्यात. पुढे तर आणखी गंमत आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांचं नाव शासकीय कागदपत्रांत लिहिताना बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवून दिला आहे. चांगलाच निर्णय. ही बाळं २०३० च्या आसपास आपल्या पहिलीत येतील. चार भागांचं नाव दोन खोक्यांत कोंबायची कसरत तेव्हा आपल्यालाच करायची आहे. २०१० साली पॅट्रिक मॅकेन्झी नावाच्या प्रोग्रामरने नावांबद्दलच्या चुकीच्या समजुतींची एक लांबलचक यादी लिहिली होती, ती सॉफ्टवेअरवाल्यांत बरीच गाजली. प्रत्येकाचं नाव ठराविक भागांचं असतं, ते कधी बदलत नाही, ते एकाच पद्धतीने लिहिलं जातं, अशा त्या समजुती. आपल्या शाळेतल्या कुठल्याही लिपिकाला हे विचारलं असतं तर त्याने चहा पिता पिता सांगितलं असतं.

आडनावाचा दुसरा घोळ खास आपल्याकडचा. मावळातल्या वाड्या भावकीच्या. कुठे सगळे कंक, कुठे सगळे धुमाळ, कुठे शिळीमकर. मुंबई-लंडनच्या ऑफिसात आडनावावरून माणूस वेगळा करता येतो, म्हणून पत्तावही आपोआप आडनावाने लावली जाते. आमच्याकडे आडनावाने लावली की एकापाठोपाठ एक एकोणीस सारख्या ओळी. त्या एकोणीस ओळींतून माणूस शोधायचा तर वाडी हवी, आळी हवी, 'टाकीजवळचे' की 'देवळामागचे' हे हवं. या गोष्टींना पत्तावहीत रकानाच नाही. पेजरला आहे बरं का! आमच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये पेजर नंबर आणि फॅक्स नंबर यांना स्वतंत्र जागा आहे. आजीला नाही.

आता मराठीत नावं भरली तर काय होतं ते सांगते, कारण यात आपल्या विषयाचा संबंध येतो. आपण मुलांना वर्णमाला शिकवतो ती शेवटी ह, ळ, क्ष, ज्ञ अशी संपते. संगणकात प्रत्येक अक्षराला युनिकोडचा एक क्रमांक असतो. त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी येतो. क्ष आणि ज्ञ यांना तर स्वतंत्र क्रमांकच नाही. क्ष म्हणजे क, हलन्ताची खूण आणि ष, असे तीन तुकडे. म्हणून सॉफ्टवेअरने नुसत्या क्रमांकावरून यादी लावली तर क्षीरसागर हे आडनाव शेवटी न येता क च्या घरात, कोळेकरांच्या मागे जाऊन बसतं. मराठीचा योग्य क्रम संगणकाला शिकवता येतो, तसे नियम तयार आहेत. पण ते वापरायचे की नाही हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या हातात. चौथीतलं मूल शब्दकोश पाहायला शिकतं तेव्हा जो क्रम आपण घोटून घेतो, त्याच्या नेमकं उलट ऑफिसातल्या पडद्यावर दिसतं.

याहून छुपी अडचण शोधण्याची. 'गोऱ्हे' किंवा 'कुऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र संगणकावर दोन पद्धतींनी उमटवता येतो. एक, ऱ हे वेगळं अक्षर वापरून. दोन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण सॉफ्टवेअर अक्षरं पाहत नाही, क्रमांक पाहतं. एकीने मोबाईलच्या कीबोर्डवरून भरलं आणि दुसरीने संगणकावरून शोधलं, तर 'एकही नोंद सापडली नाही' असं निमूट उत्तर येऊ शकतं. डोळ्यांसमोर नाव आहे आणि यंत्र म्हणतंय नाही! जुन्या फाइलींची तर बातच सोडा. कृतिदेव, श्रीलिपी किंवा सुरेख फाँटमध्ये टाइप केलेल्या याद्या ज्यांनी पत्तावहीत चिकटवल्या असतील, त्यांना रोमन अक्षरांची खिचडी पाहायला मिळाली असेल. त्या जुन्या पद्धतीत आतून ती रोमन अक्षरंच असतात, फक्त फाँट त्यांना मराठीचा मुखवटा घालतो. मुखवटा काढला की झालं.

यावर उपाय म्हणून पुष्कळजण नावं इंग्रजीत लिहितात. मग स्पेलिंगचा खेळ सुरू. शिंदे एकच, पण शेवटी एक ई की दोन, धुमाळमध्ये यू की ओओ, ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

पत्त्याचं सांगायलाच हवं. पत्रलेखन शिकवताना आपण फळ्यावर लिहितो : मु., पो., ता., जि., पिन. मुक्काम वेगळा, पोस्ट वेगळं असू शकतं हे मुलांना बरोबर कळतं, कारण ते त्यांच्या घरच्या पत्रावर असतं. व्ही-कार्डच्या पत्त्यात सात जागा आहेत : टपालपेटी, जादा पत्ता, रस्ता, गाव किंवा शहर, प्रांत, पिनकोड आणि देश. तालुका कुठे? जिल्हा कुठे? आमच्या रस्त्याला नावच नाही, तिथे 'रस्ता' या रकान्यात काय लिहायचं? मी तिथे वाडी लिहिली आणि शहराच्या जागी भोर. सहकारी बाईंनी शहराच्या जागी गाव लिहिलं आणि प्रांताच्या जागी पुणे. भोर तालुक्यातली मुलं मला दाखव म्हटल्यावर त्यांच्या सगळ्या नोंदी गायब.

पिनकोडने गाव ओळखता येईल असं वाटतं, पण तसं नाही. पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, संस्कृतचे पंडित आणि कवी. (हे मुलांना जरूर सांगा, सामान्य ज्ञानात येतं.) सहा आकड्यांत देशभरचं टपाल वाटून देणारी ही योजना कमालीची आहे, पण ती पोस्टासाठी आहे. भोरच्या ४१२२०६ या एकाच क्रमांकात किती गावं, किती वाड्या! टपाल पोचतं, कारण पुढे पोस्टमनला माणसं माहीत असतात.

त्यात नावं बदलतात. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय शासनाने घेतला. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. माणूस दोन्ही नावं मनात एकत्र ठेवतो. पत्तावही ठेवत नाही. आमच्या धरणाचंच बघा ना. १९२८ साली बांधून पूर्ण झालं तेव्हा ते लॉइड धरण, लोकांसाठी भाटघर धरण, आणि जलाशय येसाजी कंक जलाशय. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला तिन्ही एकच. संगणकाला तीन वेगळ्या जागा.

नंबरांबाबत आमच्या पत्तावहीने सर्वात मोठा दगा दिला, तोही मदत करतो म्हणून. त्यात 'सारख्या नोंदी एकत्र करा' असं एक बटण होतं. नावं दोनदा भरली गेली असतील म्हणून मी ते दाबलं. एक नंबर म्हणजे एक माणूस, असा त्या सॉफ्टवेअरचा हिशोब. आमच्याकडे एका घरात एक फोन, त्यावर दोन भावंडं, कधी शेजारच्या चुलत भावंडांचाही तोच नंबर. बटण दाबताच भावंडं एकमेकांत विरघळली. एकाचं नाव राहिलं, दुसऱ्याचं गेलं. परत आणायची सोय नव्हती, आणि 'आठ नोंदी पुसल्या जातील, चालेल का?' असंही विचारलं नाही. जेकब नील्सन यांनी १९९४ मध्ये वापरसुलभतेची जी दहा सूत्रं मांडली, त्यात चूक होण्याआधीच अडवावी आणि झालीच तर मागे फिरता यावं, या दोन्ही गोष्टी आहेत. आपण मुलांना पेन्सिल देतो ती यासाठीच ना? पहिलीतच पेन देत नाही.

उलट, जिथे एकत्र करायला हवं होतं तिथे केलं नाही. एकच नंबर पुढे शून्य लावून, पुढे अधिक एक्याण्णव लावून आणि नुसता दहा आकडी, असा तीनदा होता. त्याला ते तीन वेगळे नंबर वाटले.

मग मी ठरवलं, सगळं एक्सेलमध्ये काढून घेऊ आणि दुरुस्त करून परत भरू. इथे सावध राहा, कारण हे तुमच्याकडेही होईल. पत्तावही सीएसव्ही नावाच्या साध्या फाइलमध्ये माहिती बाहेर काढते. ती फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की बऱ्याचदा मराठी नावांच्या जागी डोक्यावर रेघा-टिंबं असलेली परकी अक्षरं दिसतात. घाबरू नका, मराठी आत शाबूत असते. फाइल यूटीएफ-८ पद्धतीची आहे हे एक्सेलला ओळखू आलेलं नसतं इतकंच. थेट न उघडता 'डेटा' मधून आयात करताना ती पद्धत निवडली की नावं सरळ येतात. खरा धोका नंबरांना आहे. एक्याण्णव धरून बारा आकडे झाले की एक्सेल त्याला मोठी संख्या समजून ९.१९ई+११ असं काहीतरी दाखवतं. तशीच फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन केली, तर दिसतं तेच जतन होतं. पुढचे आकडे कायमचे गेले, त्यांच्या जागी शून्यं. फोन नंबर ही संख्या नाहीच. आपण त्याची कधी बेरीज करतो का? म्हणून तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवायचा. आमचे एका वर्गाचे नंबर असेच गेले आणि हजेरीपत्रकाच्या मागच्या पानावरून, पेन्सिलीने लिहिलेले, परत मिळाले.

एवढं झाल्यावर मी एक प्रयोग केला. तिसरी-चौथीच्या मुलांना चोवीस कोरी कार्डं दिली. प्रत्येकाने स्वतःचं नाव लिहिलं, उरलेल्या कार्डांवर लहान वर्गातल्या मुलांची. मग म्हटलं, कुणाचंही कार्ड पटकन सापडेल अशी लावा. रचनेचे अभ्यासकही ही पद्धत वापरतात, कार्डांची मांडणी करून घेऊन माणसं मनात गोष्टी कशा लावतात ते पाहतात. मला वाटलं होतं पोरं अ-आ-इ ने लावतील, नुकतंच शब्दकोश शिकवलं होतं. त्यांनी आधी वाड्यांचे ढीग केले. मग प्रत्येक ढिगात घरं लावली, रस्त्याने जाताना जशी लागतात तशी! भावंडं एकावर एक. पाण्यापलीकडच्या वस्तीचा ढीग बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये पट्टी आडवी ठेवलेली. मी विचारलं ही पट्टी कशाला? "बाई, ते धरण हाय."

मी आडनाव सांगायचे आणि ती कार्ड काढायची. एकदाही पाच सेकंदांच्या वर लागलं नाही.

आता आमची यादी मी त्याच धर्तीवर केली आहे. पत्तावहीचं सॉफ्टवेअर बाजूला ठेवलं, साधा तक्ता घेतला. पहिला रकाना वाडीचा, दुसरा घराची खूण, मग मुलाचं पूर्ण नाव एकाच रकान्यात, दाखल-खारीज रजिस्टरात आहे तसंच, तोडफोड न करता. एका मुलाची एक ओळ, मग नंबर सारखा असला तरी चालेल. नंबराच्या शेजारी 'हा फोन दिवसा कुणाकडे असतो' हा रकाना. तोच सगळ्यात उपयोगी पडतो. नंबर नेमका कुणाचा, तो नावावर कुणाच्या, यापेक्षा दुपारी बारा वाजता तो कोण उचलणार हे शाळेला हवं असतं. त्यापुढे फोन लागला नाही तर शेजारचं कोण. शेवटी 'नंबर कधी तपासला' ती तारीख, कारण आमच्याकडे रिचार्ज संपला की नवं सिम घेणारे पुष्कळ. पालक सभेला प्रत्येकाला आपली ओळ दाखवते आणि समोरच मिस्ड कॉल देऊन बघते. पालकांनो, तुम्हाला विनंती एवढीच, नंबर बदलला की त्याच दिवशी कळवा, आणि घरातल्या ज्या बाईमाणसाकडे दिवसा फोन असतो तिचं नाव सांगायला संकोच करू नका. पुष्कळदा वडीलच स्वतःचा नंबर देऊन जातात आणि स्वतः चाकणला असतात.

यादी छापून ऑफिसातल्या कपाटाच्या दाराला आतून लावली आहे. वीज गेली तरी दिसते. बाहेरून लावलेली नाही, कारण ही घरांची माहिती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीला महत्त्व दिलं आहे. कायदा नसता तरी ही यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची नव्हतीच.

यादी बरी झाली की नाही हे बघायला मी एक साधी परीक्षा ठेवली. बदलीवर नव्याने आलेल्या सरांना बोलावलं. त्यांना गावही माहीत नव्हतं. एका मुलाचं नाव सांगितलं आणि घड्याळ लावलं. त्यांनी कपाट उघडलं, यादीवरून बोट फिरवलं आणि नंबर वाचला. पंचवीस सेकंद. मग थांबून म्हणाले, "मॅडम, ही 'पट्टी' असं काय लिहिलंय मध्येच?"

ती ओळ मी काढलेली नाही.